राणीच्या बागेत उद्या कोण असावे?

मुंबईच्या भायखळ्यातील प्राणिसंग्रहालयाचा विषय निघाला की चर्चेची गाडी हटकून एकाच रुळावरून धावू लागते. नवा प्राणी कोणता आणावयाचा, हा तो रूळ. गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचे उत्तर म्हणून जग्वार, चिंपँझी, लेमूर, वॉलबी, पांढरे सिंह अशी नावे महानगरपालिकेच्या योजनांतून पुढे आली. त्यांपैकी काही निविदांपर्यंत पोचली, बरीचशी कागदावरच राहिली. परदेशी पाहुण्यांची ही यादी वाचताना एखाद्या श्रीमंत घरच्या रुखवताची आठवण व्हावी. रुखवतात काय मांडले आहे हे सारा गाव पाहतो. नवी सून त्या घरात नांदणार कशी, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

वास्तविक प्रश्न उलट बाजूने विचारला पाहिजे. सुमारे पन्नास एकरांची, चहूबाजूंनी शहराने वेढलेली, दीडशे वर्षांहून जुन्या वृक्षराजीची ही बाग कोणते काम चांगले करू शकेल, आणि ते काम करणारे दुसरे कोणी आहे काय? प्राणी कोणता, हे या प्रश्नाच्या उत्तरातून आपोआप निघावे. येथे मात्र प्राणी आधी ठरतो आणि त्याचे कारण मागाहून शोधले जाते.

ही बाग मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच, हे अनेकांना ठाऊक नसते. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी द्यावी लागली तेव्हा माझगावच्या ‘माउंट इस्टेट’वर नवी बाग करण्यात आली आणि १८६२ मध्ये लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने खुली झाली. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली, १८९० मध्ये वाढविण्यात आली, आणि वनस्पतींच्या सोबतीला प्राण्यांची वस्ती तेथे स्थिरावली. १९६९ मध्ये तिचे ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे नामकरण झाले; लोकांच्या तोंडी ती राणीची बाग ती राणीची बागच राहिली. आजही तेथे तीन हजारांहून अधिक झाडे आहेत आणि त्यांच्या जाती २८६ भरतात. उर्वशी, कैलासपती, गोरखचिंच यांची नावे ज्यांनी केवळ पुस्तकांत वाचली, त्यांना ती येथे अंगाखांद्यावर ऊन खेळवीत उभी असलेली भेटतात. मुंबई बेटावर एवढा जुना आणि एवढा विविध वृक्षसंग्रह दुसरा नाही. म्हणजे बागेतील सर्वांत मौल्यवान प्रदर्शन कोणत्याही पिंजऱ्यात नाही.

२००७ च्या सुमारास थायलंडमधील सल्लागारांच्या साह्याने बागेच्या संपूर्ण पुनर्रचनेची योजना आखण्यात आली, तेव्हा हेच विसरले गेले. ४३३ कोटी रुपयांच्या त्या आराखड्यात जगभरच्या प्राण्यांना जागा होती. झाडांना ती कितपत उरणार, हा प्रश्न नागरिकांनी विचारला आणि चिकाटीने लावून धरला. वारसा समितीचेही आक्षेप आले. योजना आक्रसली आणि टप्प्याटप्प्याने, धाकट्या आकारात अमलात येऊ लागली. त्या वादात ‘विकासाला विरोध करणारी मंडळी’ म्हणून ज्यांची संभावना झाली, त्यांच्यामुळेच आज बागेत सावली आहे. सार्वजनिक खर्चाच्या इतिहासात न झालेल्या खर्चाचे श्रेय सहसा कोणाला दिले जात नाही. येथे ते द्यावयास हवे.

त्या धाकट्या आराखड्याचे सर्वांत गाजलेले अपत्य म्हणजे पेंग्विन. २०१६ च्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियातील सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आले. काही महिन्यांतच त्यांतील एक दगावला. मार्च २०१७ मध्ये दालन खुले झाले आणि बागेत अशी गर्दी लोटली, की ती आवरता आवरता सुरक्षारक्षकांची दमछाक झाली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पहिले पिलू जन्मले. ते आठवडाभरात गेले. पुढे मात्र पिले जगली आणि संख्या वाढत गेली. पक्ष्यांची निगा राखणाऱ्यांचे हे यश नाकारण्याचे कारण नाही. लहान मुले काचेला नाक लावून त्यांचे पोहणे पाहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नसतो, हेही खरे.

पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थोडा थांबेल. हम्बोल्ट पेंग्विन हा पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी. तेथे थंड सागरी प्रवाह वाहतो आणि त्याला गारवा फुकट मिळतो. भायखळ्याला तो विकत घ्यावा लागतो. सोळा ते अठरा अंश सेल्सियसचे तापमान दिवसरात्र, बारा महिने राखावयाचे तर यंत्रे, वीज, शुद्ध पाणी, ताजी मासळी आणि तज्ज्ञ माणसे यांचा खर्च कधीच थांबत नाही. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी निघालेली निविदा सुमारे पंधरा कोटी रुपयांची होती, आणि तिच्यावरून बरीच राजकीय धूळ उडाली. धूळ बाजूला ठेवून हिशेब करावा. वर्षाला पाच कोटी. बाग बुधवारी बंद असते (पेंग्विनच्या वातानुकूलनाला अर्थातच बुधवारची सुटी नाही), म्हणजे वर्षाचे कामाचे दिवस ३१३. दर उघड्या दिवसाला सुमारे १ लाख ६० हजार रुपये. प्रवेशशुल्क पन्नास रुपये धरले तर रोज सुमारे ३,२०० प्रौढ प्रेक्षकांचे सारे पैसे या एका दालनाच्या देखभालीलाच जातात. चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपये ही सवलत धरली, म्हणजे माणशी पंचवीस, तर तो आकडा ६,४०० वर जातो. वाघ, मगरी, हरणे, पक्षी, झाडे आणि माळी यांचा खर्च यात आलेला नाही. दालन बांधण्याचा भांडवली खर्च तर नाहीच नाही.

यावर उत्तर दिले जाते ते असे: पेंग्विन आले आणि बागेचे उत्पन्न कितीतरी पटींनी वाढले. वाढले, हे खरे. परंतु ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांचे शुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर आणि मुलांचे दोनवरून पंचवीसवर नेण्यात आले, हेही त्याच श्वासात सांगावयास हवे. एखाद्या वस्तूची किंमत दसपट केली आणि मागणी निम्म्यावर आली, तरी दुकानदाराचा गल्ला पाचपट भरतो. तेवढ्यावरून माल पाचपट चांगला झाला असे कोणी म्हणत नाही. बागेच्या वाढलेल्या उत्पन्नातील किती भाग पेंग्विनांच्या आकर्षणाचा आणि किती भाग केवळ दरवाढीचा, हे वेगळे काढल्याशिवाय उत्पन्नाच्या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय सार्वजनिक बागेचे यश गल्ल्यात मोजावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. पाच रुपयांत जी बाग लालबाग-परळच्या चाळीतल्या माणसाला आठवड्यातून एकदा परवडत होती, ती पन्नास रुपयांत वर्षातून एकदा परवडू लागली, तर तो बदल कोणत्याही हिशेबवहीत नोंदला जात नाही. झाला मात्र तो त्या माणसाच्या आयुष्यात.

नवलाईचेही एक अर्थशास्त्र असते. पहिल्या आंब्याची गोडी दहाव्या आंब्याला नसते, हा नियम महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो. पेंग्विन पहिल्या वर्षी पाहिले, दुसऱ्या वर्षी पाहुण्यांना दाखविले, तिसऱ्या वर्षी काय? तेव्हा मग जग्वार हवा. त्यानंतर चिंपँझी. नवलाई आटत जाते आणि तिची भरपाई करावयास आणलेला प्राणी मात्र पंधरा-वीस वर्षे, चिंपँझी असेल तर चाळीस-पन्नास वर्षे, खात-पीत राहतो. खर्च दीर्घकाळाचा आणि लाभ दोन मोसमांचा, असा हा व्यवहार आहे.

जागेचा हिशेब पैशांच्या हिशेबाहून कडक आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांनुसार वाघाच्या एका जोडीला उघड्यावरची किमान १,००० चौरस मीटर जागा द्यावी लागते, म्हणजे सुमारे पाव एकर. पन्नास एकरांत अशा कितीतरी जोड्या मावतील असे कागदावर वाटते. त्या पन्नास एकरांतून रस्ते, संग्रहालयाची वास्तू, तळी, दवाखाना, प्राण्यांची रात्रीची घरे, चाऱ्याची कोठारे, प्रेक्षकांना उभे राहावयाची जागा आणि ती तीन हजार झाडे वजा करावयाची. उरलेली जागा आजच्या रहिवाशांनाच पुरेशी नाही. आणि निकष किमान आहे. रानातल्या वाघिणीचा वावर अनेक चौरस किलोमीटरांचा असतो. येथे आणलेल्या प्रत्येक मोठ्या जनावराची किंमत एक तर झाडांनी मोजावयाची, नाही तर आधीच राहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या प्राण्याने. अर्थशास्त्रात संधीचा त्याग म्हणतात तो हाच.

प्राणिसंग्रहालयाची रचना कशी असावी, याविषयी जगाने गेल्या सव्वाशे वर्षांत बरेच शिकून घेतले आहे. १९०७ मध्ये कार्ल हागेनबेक याने हँबर्गजवळ गज काढून टाकले आणि खंदकापलीकडे प्राणी उघड्यावर उभे केले. दिल्लीचे १९५९ मधील प्राणिसंग्रहालय त्याच घराण्यातील वारसाच्या कल्पनेतून आकाराला आले. स्वित्झर्लंडच्या हाइनी हेडिगर यांनी पुढे दाखवून दिले, की प्राण्याला चौरस फुटांइतकीच लपावयाची जागा, दिनक्रम आणि करावयास काही काम हवे असते. रिकाम्या मोठ्या मैदानातला प्राणी लहान पण भरल्या जागेतल्या प्राण्याहून दुःखी असू शकतो.

याच्या उलट धडा लंडनने दिला, आणि योगायोगाने तोही पेंग्विनांचाच. १९३४ मध्ये लुबेट्किन या वास्तुविशारदाने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पेंग्विनांसाठी एक कुंड बांधले. एकमेकींना वळसा घालणाऱ्या दोन पांढऱ्या कमनीय उतरणी, खाली निळे पाणी. आधुनिक वास्तुकलेच्या पुस्तकांत त्याची छायाचित्रे आजही छापतात. पण काँक्रीट पक्ष्यांच्या पायांना मानवले नाही, आणि २००४ मध्ये पेंग्विन तेथून हलविण्यात आले. कुंड संरक्षित वास्तू म्हणून उभे आहे, रिकामे. माणसाच्या डोळ्यांसाठी बांधलेल्या घरात प्राण्याला राहावयास लावले की काय होते, याचे इतके देखणे उदाहरण दुसरे नसेल.

मग प्राणिसंग्रहालये बंदच का करू नयेत, असे विचारणारा एक पक्ष आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ब्वेनोस आयरेस शहराने २०१६ मध्ये आपले जुने प्राणिसंग्रहालय बंद केले आणि प्राणी टप्प्याटप्प्याने अभयारण्यांकडे पाठविण्यास आरंभ केला. कोस्टा रिकाने २०२४ मध्ये सरकारी प्राणिसंग्रहालयांना कुलूप लावले. दुसरा, मवाळ मार्ग स्थलांतराचा. मद्रासने आपले प्राणी शहराबाहेर वंडलूरला नेले आणि १९८५ पासून ते तेथे प्रशस्त जागेत राहतात. पुण्याने पेशवे पार्कची पिंजऱ्यांची गर्दी कात्रजच्या १३० एकरांत नेली. नागपूरला गोरेवाड्याच्या विस्तीर्ण वनात २०२१ पासून सफारी सुरू आहे. मुंबईनेही तसेच करावे, आरे अथवा बोरिवलीच्या बाजूस जावे, अशी सूचना अधूनमधून होते. ती स्वीकारण्याजोगी नाही. आरेमध्ये प्राणिसंग्रहालय बांधणे म्हणजे पाळीव रानासाठी खरे रान तोडणे. शिवाय भायखळ्याची बाग स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कर्जतहून किंवा वाशिंदहून निघालेले कुटुंबही डबे बांधून, लोकलच्या तिकिटात तेथे पोचते. हे अंतर तुटले तर बाग मोटारवाल्यांची होईल.

तेव्हा बाग राहील, जागा वाढणार नाही, झाडे हलवावयाची नाहीत आणि गारवा विकत घ्यावयाचा नाही, अशा चौकटीत पुढची प्रदर्शने कल्पावी लागतील. ही चौकट दरिद्री वाटते, पण ती तशी नाही. मुंबईच्या पायाशी खाडी आहे, पाठीशी सह्याद्री आहे, आणि या दोहोंमधील जीवसृष्टीचे धड दर्शन घडविणारी एकही जागा या शहरात नाही.

खाडीपासून आरंभ करावा. मुंबई ही मूळची कोळ्यांची आणि खारफुटीची भूमी. शहरातील किती विद्यार्थ्यांनी तिवराची श्वासमुळे चिखलातून वर आलेली पाहिली आहेत? बागेत एक उथळ, लांबट कुंड असावे. त्यात खारे पाणी, गाळ, तिवराची रोपे. आणि पंपाच्या साह्याने दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. ओहोटी लागली की चिखल उघडा पडेल आणि निवट्या बाहेर येतील. मासा असून जमिनीवर उड्या मारणारा, कल्ल्यांत पाणी धरून ठेवणारा, डोळे वर काढून टकमक पाहणारा हा जीव कोळ्यांच्या ताटात पुष्कळांनी पाहिला असेल. जिवंतपणी त्याच्याइतका गमतीचा प्राणी जग्वारसुद्धा नव्हे, कारण जग्वार दुपारी झोपलेला असतो. एक नांगी भलतीच मोठी असलेले खेकडे ती नांगी हलवून एकमेकांना आव्हाने देतील. भरतीची वेळ फलकावर लिहिलेली असावी, म्हणजे प्रेक्षक त्या वेळेला थांबतील. प्राणिसंग्रहालयात माणूस एखाद्या पिंजऱ्यापुढे क्षणभर उभा राहतो आणि पुढे सरकतो. येथे त्याला थांबण्याचे कारण मिळेल. या कुंडाला पेंग्विनांच्या शीतगृहाच्या मानाने नगण्य वीज लागेल, आणि त्यातला प्रत्येक जीव हवेच्या बाबतीत आपल्या घरीच असेल.

दुसरे दालन सड्याचे. कोकणातील आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याचे कातळ उन्हाळ्यात तव्यासारखे तापलेले, ओसाड दिसतात. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात त्यांवर डबकी साचतात, कीटकभक्षी वनस्पती उगवतात, बेडकांचा गजर सुरू होतो. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून लोक तेथे फुले पाहावयास झुंडीने जातात आणि तीच फुले तुडवून येतात. जांभ्याचा एक उतार बागेत रचावा. वर्षातील आठ महिने तेथे ‘काहीच नाही’ असे दिसेल, आणि ते तसेच दिसू द्यावे. जून उजाडला की मुलांना पुन्हा यावेसे वाटेल. बेडूक आणि देवगांडुळासारखे उभयचर ठेवण्यास जागा थोडी लागते. ते पुष्कळ वेगाने नष्ट होत आहेत, आणि त्यांचे प्रजनन करण्याचे काम लहान संस्थाही करू शकते. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयाने तांबड्या पांडाच्या बाबतीत असे काम करून २००३ मध्ये सिंगालीलाच्या रानात बंदिवासात जन्मलेले पांडे सोडले होते. भायखळ्याचे बेडूक तितके कौतुक मिळविणार नाहीत, हे उघड आहे. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार बेडकाच्या बारशाला येत नाहीत.

रात्रीच्या प्राण्यांचे दालन हा विचार मात्र सावधपणे करावा लागेल. दिवसा अंधार आणि रात्री उजेड अशी उलटी व्यवस्था केली की उदमांजर, साळिंदर, घुबड हे जीव प्रेक्षकांच्या वेळेत जागे राहतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने १९६९ मध्ये असे मोठे दालन उघडले आणि ते अतिशय गाजले. २००९ मध्ये पैशांअभावी ते बंद झाले. तितके श्रीमंत शहर जे चालवू शकले नाही, ते आपण चालवू असे मानण्यात शहाणपण नाही. त्यापेक्षा बागेत आपणहून राहणाऱ्यांकडे पाहावे. राणीच्या बागेतील उंच झाडांवर रातबगळ्यांची वस्ती आहे, वटवाघळे आहेत. संध्याकाळ झाली की दिवसाची पाळी संपून रात्रपाळी सुरू व्हावी तशी त्यांची लगबग सुरू होते. गिरणगावाला ही उपमा परकी नाही. पण त्या वेळी बागेची फाटके बंद होत असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी, ठराविक संख्येने, माहीतगार माणसासह लोकांना तासभर आत राहू दिले, तर खर्च येईल तो दोन रखवालदारांच्या जादा वेळेचा.

बिबट्याला या बागेत जागा असावी, पण ती देवघेवीत मिळालेल्या शोभेच्या जनावराला नव्हे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे शंभर चौरस किलोमीटरांत आणि त्याच्या कडेच्या वस्त्यांत बिबटे राहतात. एवढ्या दाट लोकवस्तीच्या महानगराच्या शेजारी ते टिकून आहेत, हे आश्चर्य पाहावयास परदेशी अभ्यासक येतात. जखमी झालेले अथवा रानात परत सोडता न येणारे बिबटे वनखात्याकडे असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला चांगले घर द्यावे आणि त्याच्या दालनात कचऱ्याचे ढीग, त्यावर पोसणारी कुत्री आणि कुत्र्यांमागून येणारा बिबट्या ही साखळी समजावून सांगावी. गोरेगाव-मुलुंडच्या मुलाला हे ज्ञान घरी गेल्यावर उपयोगी पडेल. जिराफाविषयीचे ज्ञान त्याला तेथे उपयोगी पडण्याचा संभव कमी.

आणि गिधाड. मलबार हिलवरील डुंगरवाडीच्या वर एके काळी घिरट्या घालणारी गिधाडे आज दिसत नाहीत, आणि पारशी समाजाच्या एका प्राचीन विधीवर त्यामुळे संकट आले, हे मुंबईकरांना ऐकून ठाऊक असते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारात एक या प्रमाणावर आली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याचे कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. या घटनेची किंमत किती? इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की गिधाडे गेल्याने मेलेली गुरे उघड्यावर कुजली, पाणी दूषित झाले, कुत्री वाढली, आणि २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. नगरपालिकेच्या कोणत्याही खात्याकडे नोंद नसलेला, पगार न घेणारा एक सफाई कामगार निघून गेला आणि त्याचे काम किती मोलाचे होते ते त्याच्या जाण्यानंतर कळले. बागेत गिधाडांसाठी मोठा उड्डाणपिंजरा उभारण्याइतकी जागा नाही, आणि प्रजननाचे काम पिंजोरसारखी केंद्रे अधिक चांगले करीत आहेत. परंतु रानात न जगू शकणारी एखादी जोडी, आणि तिच्या शेजारी ही सारी हकीकत सोप्या मराठीत, इतके दालन पुरेल. गिधाड दिसावयास कुरूप असते, म्हणून त्याला गर्दी होणार नाही, असे सांगण्यात येईल. हकीकत नीट सांगितली तर होईल.

एक दालन मात्र रिकामेच ठेवावे. प्राणिसंग्रहालयांतील हत्ती प्रशस्त शिबिरांत अथवा वनांत हलवावेत, असा आदेश केंद्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये काढला. हत्तीला चालावे लागते. चालणे थांबले की त्याचे पाय नासतात. राणीच्या बागेतील हत्तीवरची फेरी ही मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांच्या बालपणातील आठवण आहे, आणि म्हणूनच रिकामे हत्तीघर जपून ठेवावे. आत साखळदंड, जमिनीचे माप, रानातील कळप एका दिवसात किती चालतो त्याचा नकाशा. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. तो इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात मोडला, पुढे तुकडे जोडून येथे उभा करण्यात आला. बागेला पुरेल इतका हत्ती तेवढा आहे.

या साऱ्यात अंदाजपत्रकातील एका ओळीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. बांधकामाला पैसा मिळतो, माणसांना मिळत नाही. काच, काँक्रीट आणि यंत्रे यांच्या निविदा निघतात, उद्घाटने होतात, कोनशिला बसतात. प्राण्याला रोज खाऊ घालणारा, त्याची विष्ठा पाहून त्याचे दुखणे ओळखणारा कर्मचारी मात्र कंत्राटावर येतो आणि शिकून तयार होईपर्यंत निघून जातो. चांगला माहितगार नेमला तर भरतीचे कुंड शाळा होईल. नाही नेमला तर ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे डबके होईल. तीच गोष्ट फलकांची. इंग्रजी नावाचे देवनागरी लिप्यंतर म्हणजे मराठी फलक नव्हे. साळिंदर, शेकरू, हरियाल, पाणमांजर ही नावे मुलांनी वाचावीत, आणि जमल्यास त्यांच्या आजोबांनी ती वाचून गावाकडचा एखादा प्रसंग सांगावा. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे हे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला पाठ असते; तो लाल की काळा, हे विचारले तर पंचाईत होते.

बागेलगतच्या मफतलाल गिरणीच्या जमिनीवर विस्तार करण्याची योजना बराच काळ चर्चेत आहे. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, त्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले, हे लालबाग-परळने डोळ्यांनी पाहिले आहे. तिचा एखादा तुकडा सार्वजनिक बागेला मिळणे हीच मोठी गोष्ट. तेथे काही उभारण्यापूर्वी प्रत्येक प्रस्तावित दालनाच्या वीस वर्षांच्या देखभालीचा अंदाज, लागणारी वीज व पाणी, आणि त्यासाठी प्रवेशशुल्कात किती वाढ करावी लागेल याचा आकडा, हे तिन्ही निविदेआधी नागरिकांपुढे ठेवावेत. वाढ करावयाची नसेल तर ती तूट कोणत्या करातून भरून काढणार, तेही सांगावे. त्या जमिनीवर प्रथम झाडे लावली आणि पाच-सात वर्षे दुसरे काहीच केले नाही, तरी कोणाचे नुकसान होणार नाही.

दरम्यान एक प्रदर्शन बांधकामाविना सुरू करता येण्याजोगे आहे. हिवाळा लागला की शिवडीच्या चिखलभूमीवर आणि ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि मे महिन्यापर्यंत मुक्काम करतात. ठाणे खाडीतील त्यांच्या मुक्कामाची जागा २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. परदेशी प्राण्यांच्या याद्यांत रोहितही होता. राणीच्या बागेपासून शिवडी काही किलोमीटरवर आहे. दीडशे वर्षांपूर्वी बागेची पूर्वज तेथेच होती, आणि आज अटल सेतू त्याच चिखलभूमीवरून पुढे जातो. ओहोटीची वेळ पाहून, नोव्हेंबरपासून दर रविवारी सकाळी बागेच्या फाटकातून ‘बेस्ट’ची एक बस शिवडीच्या धक्क्याला न्यावी, सोबत दुर्बिणी आणि एक जाणकार द्यावा, आणि बागेचे तिकीट तिथेही चालावे.